चिखलाचा हात

१२ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. कागदाला 'नंतर बोलतो' म्हणून गप्प करता येत नाही.

काल तुमच्या पालिकेच्या माणसाच्या हातात गारखोलीच्या किल्ल्या ठेवल्या. तुम्ही तिला फायलीत 'उष्णता निवारण केंद्र' म्हणता, पण गल्लीत सगळे गारखोलीच म्हणतात आणि तेच नाव टिकणार. भर दुपारची वेळ होती. पत्र्याच्या घरातून एक म्हातारी आली, तिने भिंतीला आधी तळहात लावला, मग गाल लावला, आणि तिथेच फतकल मारून बसली. कुलूप लावायचंय म्हटलं तर म्हणाली, "लावा की. मी आतच बसते." पंखा नाही, मशीन नाही, नुसती जाड मातीची भिंत. मामाचे डोळे भरून आले. ते लपवायला त्याने लगेच सुताराला शिव्या घातल्या.

मामा आहे तसाच आहे. चुना अजून घमेल्याने मोजतो, आणि घमेलं काठोकाठ की शिगोशीग ते त्या दिवशीच्या मर्जीवर. आम्ही वजनकाटा आणला, त्यावर तो चहाचा पेला ठेवतो. कोणी हटकलं तर "मी भिंती बांधत होतो तेव्हा तुझा बाप रांगत होता" हे ठरलेलं. जगातली प्रत्येक वाकडी भिंत दुसऱ्याने बांधलेली असते आणि सरळ भिंत त्याने.

आता नीट वाच. या विटा भट्टीत भाजलेल्या नाहीत, प्रेसमध्ये दाबलेल्या कच्च्या मातीच्या आहेत, आणि वरून चुना-मातीचा गिलावा आहे. पहिलं वर्षभर त्याची थोडी भुकटी झडेल, झडू दे. ही भिंत ओल घेते आणि परत सोडते, म्हणून तर ती गार राहते. वर्षातून एकदा आम्ही येऊन हात फिरवून जाऊ. तोवर दुसरं काहीही तिला फासायचं नाही. आणि कधी पाडायची वेळ आलीच तर आमची माती आम्ही परत आणायची, म्हणजे तिच्याच पुन्हा विटा पाडता येतात. हे सगळं करारात आहे, पण करार तुम्ही लोक वाचत नाही म्हणून इथे लिहिलं.

तुझ्या अहवालासाठी अध्यक्ष म्हणून मला आमच्या कामगार संस्थेचे नियम विचारले होतेस. खरे नियम दोनच. पहिला, मत द्यायचं ते काम सुटल्यावर, हात धुवायच्या आधी. ज्याचा हात चिखलाचा त्यालाच मत. दुसरा, चूक झाली तर ती सगळ्यांची, कोणा एकाचं नाव घ्यायचं नाही. आधी हे सगळे ज्या भट्टीवर होते तिथला मालक रोज एकाला उभं करून झोडायचा, त्यातून हा नियम आला.

ही एक खोली नीट उभी राहिली तर प्रत्येक प्रभागात एक, असं तूच म्हणालास. इथे सगळ्यांचा जीव तुझ्या त्या वाक्यावर टांगलाय. काम मिळालं नाही तर यातली अर्धी माणसं परत कुणाच्या तरी भट्टीवर धूर गिळायला जातील.

तुझी,
ताई

४ डिसेंबर

ती. ताईस,

साष्टांग नाही, पण खुर्चीतून उठून नमस्कार. हवामान कक्षात एवढाही मान कोणाला मिळत नाही.

उद्घाटन झकास झालं. मी भाषणात तुमचे दोन्ही नियम सांगितले. चिखलाच्या हाताला तर टाळ्याच पडल्या. 'कामगार हेच मालक, भट्टी नाही, धूर नाही, कार्बन जवळजवळ नाही' हे माझं वाक्य दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, अर्थात मोठ्या साहेबांच्या तोंडी.

एक गंमत झाली. मोठे साहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले होते. फोटोसाठी भिंतीला टेकून उभे राहिले आणि वळले तेव्हा पाठ अशी पिवळी झालेली! सगळे हसले, ते हसले नाहीत. गाडीत मला म्हणाले, "खोली बांधलीत की पिठाची गिरणी?" पुढच्या महिन्यात बाहेरून पाहुणे येणार आहेत आणि त्यांच्याही पाठी असणार. पण ते मी बघतो, तू काळजी करू नकोस.

तू मात्र इथल्या बैठकांना येत जा. मी मातीबद्दल बोललो की लोक घड्याळ बघतात, तू बोललीस की ऐकतात. संस्थेला चेहरा हवा, ताई. 'आम्ही सगळे' हा काही चेहरा नाही.

मामाला नमस्कार. तो शिव्या देईल, त्या मला पोचल्या असं सांग.

तुझा,
धाकटा

२६ जानेवारी

प्रिय धाकट्या,

'मी बघतो' म्हणजे नक्की काय बघणार आहेस? भुकटीचा फारच त्रास असेल तर कळव, मामा आणि दोघीजणी येऊन चुन्याचं पाणी मारून जातील. तिथल्या तिथे काही करू नकोस.

मामा परवा त्या रस्त्याने गेला होता. खोलीला कुलूप होतं, म्हणून बाहेरून भिंतीवर टिचकी मारून आला. तेव्हापासून घोकतोय, "भिंतीला पावडर लावून बसवलीय. माझी भिंत अशी वाजत नाही." आम्ही सगळे पोट धरून हसलो. गेल्या महिन्यात तो देवळाच्या खांबालाही 'हा पोकळ आहे' म्हणाला होता. आता त्याने स्वतःच्याच भिंतीला नावं ठेवायचं तेवढं बाकी होतं!

मी बैठकांना येतेच आहे, तू बघतोसच. परवा प्रेसवरची बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, मऊ झाला गं." मी हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन बघितलं. नखं पांढरी आहेत. दोन महिन्यांत एकाही सभेत मी मत दिलेलं नाही, कारण द्यायला हातच नाही. म्हणजे मी आता संस्थेचा चेहरा.

ताई

३० एप्रिल

ती. ताईस,

गडबडीत आहे, पण बातमी चांगली म्हणून लिहितो. उन्हाने कहर केलाय आणि गारखोली भरून वाहते आहे. म्हातारी माणसं, बाळंतिणी, दुपारचे हमाल, सगळे येतात. लोक म्हणतात, सुरुवातीला होती तेवढी गार नाही राहिली. गर्दीमुळे असेल. पाहुण्यांना तर इतकी आवडली की त्यांनी भिंतीवरून हात फिरवून फिरवून फोटो काढले.

प्रत्येक प्रभागात एक, याला तत्त्वतः मंजुरी मिळाली. पावसाळ्यानंतर काम निघेल आणि ते तुमचंच असेल. आता तरी मामाला वजनकाट्यावरून पेला उचलायला सांग. मोठ्या कामात 'शिगोशीग' चालत नाही.

तुझा,
धाकटा

८ जुलै

ताई,

तुला कळलंच असेल. काल पहाटे पावसात गारखोलीची मागची भिंत पडली. आत कोणी नव्हतं. रखवालदार बाहेर भिंतीलगत झोपला होता, त्याच्या पायावर पडली आणि पाय मोडला. बाकी जिवाला धोका नाही.

सध्या इथे येऊ नकोस. जागेला पत्रे ठोकलेत, कोणालाच आत सोडत नाहीत. पेपरवाल्यांशी कोणी बोलू नका.

धाकटा

११ जुलै

धाकट्या,

आले होते मी. पत्र्याला नाक लावून उभी राहिले तरी तुमच्या माणसाने आत सोडलं नाही. तिथून दवाखान्यात गेले. रखवालदाराच्या बायकोने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तिला काय सांगू, आमच्यात कोणाचं नाव घेत नाहीत म्हणून?

संस्थेत सुतकी कळा आलीय. प्रेस बंद आहे. सगळे मामाकडे बघतात आणि तो ओरडत सुटलाय, "ती माझी भिंत नव्हेच! तिला काहीतरी चोपडलंय!" सुतार तोंडावर म्हणाला, "घमेल्याने चुना मोजलास, आता भोग." काल मी त्याच्याशी नीट बसून बोलायला गेले तर म्हणाला, "मी भिंती बांधत होतो तेव्हा..." मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

आई गेल्यावर आपल्या दोघांना त्यानेच वाढवलं. म्हणून तुला सरळ विचारते आणि तू सरळ उत्तर दे. आम्ही किल्ल्या दिल्यानंतर त्या भिंतीला कोणी हात लावला होता का? लावला असेल तर सांग. नसेल तर तेही सांग, म्हणजे मला माझ्या माणसांपुढे उभं राहता येईल.

ताई

१९ जुलै

ती. ताईस,

तुझी अवस्था समजते. चौकशी चालू असल्याने मला फार लिहिता येत नाही. केंद्र ताब्यात घेतल्यावर किरकोळ देखभालीपलीकडे काही झालेलं नाही. चौकशीचा सूर मिश्रणाच्या दर्जाकडे आहे. चुना मोजण्याची तुमची पद्धत काय, असं मला विचारलं गेलं. मी काय सांगणार होतो?

आता कामाचं. योजना अजून मेलेली नाही, पण वरून एकच प्रश्न येतोय: जबाबदार कोण? 'चूक सगळ्यांची' हे भाषणात छान वाटतं, चौकशीत त्याचा अर्थ 'चूक कोणाचीच नाही' असा होतो. तुम्ही आपणहून अंतर्गत जबाबदारी निश्चित केली, सुधारणा केली असं दिसलं, तर संस्था वाचेल. नाही तर सबंध संस्थेलाच काळ्या यादीत टाकतील आणि मग त्या सगळ्यांच्या चुलींचं काय?

कोणाचं नाव घ्या असं मी म्हणत नाही. तो तुमचा निर्णय. मी फक्त वस्तुस्थिती सांगतो.

काळजी घे. औषधं वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

६ ऑगस्ट

धाकट्या,

केलं.

काल काम सुटल्यावर सभा घेतली. काम म्हणजे काय, सगळ्यांनी मिळून आवारातली टाकी उपसली, तेवढंच. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. 'किरकोळ देखभाल' वाचल्यावर मामा उठून म्हणाला, "किरकोळ म्हणजे काय ते विचार त्याला." मी म्हटलं, "मामा, तो आपला आहे. असतं काही तर लपवलं असतं का त्याने?" मग सगळे एकदम बोलायला लागले. वजनकाटा निघाला, चहाचा पेला निघाला, पाच वर्षांतली त्याची प्रत्येक शिवी निघाली. ज्याला ज्याला त्याने कधी टोचलं होतं त्याने त्याने काल हिशेब चुकता केला. कोणी म्हणालं, नियम आहे, नाव घ्यायचं नाही. त्यावर दुसरं कोणी म्हणालं, नियम पोट भरत नाही.

मामाला भिंत पडल्यापासून कोणी कामाला हात लावू देत नव्हतं, त्यामुळे त्याचा हात कोरडा होता. स्वतःच्याच बाबतीत त्याला मत नव्हतं.

हात वर झाले. एका हाताने फरक पडला आणि मामाला संस्थेतून काढायचं ठरलं. माझंही मत त्यात होतं.

मला वाटलं होतं, मामा आकाशपाताळ एक करील. त्याने थापी उचलली, आपल्या सदऱ्याला पुसली, पुन्हा खाली ठेवली आणि गेला. थापी संस्थेची होती म्हणून ठेवली असणार.

तुझ्या चौकशीला लागणारं पत्र सोबत जोडलंय. त्यात नाव आहे. आता संस्था वाचव.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,

तुझं पत्र आणि जोडपत्र मिळालं. अवघड निर्णय होता आणि तू तो खंबीरपणे घेतलास. वर सगळ्यांवर फार चांगला परिणाम झाला. काळ्या यादीचा विषय संपला आहे. रखवालदाराच्या उपचाराची व्यवस्थाही झाली.

मामाला वाईट वाटलं असेल, पण त्याचंही वय झालंच होतं. कधीतरी थांबायलाच हवं होतं. मी सवडीने त्याला भेटून येईन.

एक विनंती. जागा लवकर मोकळी करायची आहे. राडारोडा उचलायला ठेकेदार बघतोय, तेव्हा त्यासाठी तुम्ही येऊ नका.

तुझा,
धाकटा

२८ सप्टेंबर

साहेब,

राडारोडा उचलायला तुमच्या ठेकेदाराने जो ट्रक लावला, त्याचा ड्रायव्हर आमच्याकडे प्रेसवर असलेल्या बाईचा दीर. त्याला करार माहीत होता, आपली माती आपल्याकडे परत यायची. त्याने न विचारता ट्रक आमच्या आवारात आणून रिता केला. बिचाऱ्याला वाटलं, आमच्यावर उपकार करतोय.

ढिगातून माती कमी आणि करडे पापुद्रे जास्त निघाले. बोटाएवढा जाड सिमेंटचा गिलावा, त्यावर माती रंगाचा ऑइलपेंट. उलटा करून बघितला तर आतल्या बाजूला आमची माती शेवाळून काळी पडलेली, अजून ओली. म्हणजे भिंतीला तुम्ही बाहेरून आतून जणू प्लास्टिकची पिशवीच घातली होती. वरून भेगेतून पाणी आत गेलं आणि त्याला बाहेर यायला वाट राहिली नाही. खालच्या विटांचा चिखल झाला आणि भिंत बसली. हे शेंबड्या पोराला कळेल. तुला कळत नव्हतं असं म्हणू नकोस, तू याच विषयाची पदवी भिंतीवर टांगली आहेस.

मोठ्या साहेबांची पाठ पिवळी झाली म्हणून ना? ते एवढंच 'बघितलंस' तू.

मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. मी सरळ विचारलं होतं. तू 'किरकोळ देखभाल' लिहिलंस आणि खाली 'औषधं वेळेवर घे' लिहिलंस. मी त्या औषधांवर विरघळले. माझ्या भावाला माझ्या गोळ्या लक्षात आहेत, असं शेजारणीला सांगितलं मी.

तू गप्प बसलास ते एक वेळ समजू शकते, पण तू गप्प बसून आम्हाला मामाच्या अंगावर सोडलंस. त्याने तुला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. मी मागून तुझं दप्तर घेऊन चालायचे.

आता एकच कर. चौकशीला खरं काय ते लिही आणि मामाचं नाव त्यातून काढ.

ताई

९ ऑक्टोबर

ताई,

तुझा राग मान्य. पण माझीही बाजू ऐक.

पाहुणे आठवड्यावर आले होते. मोठ्या साहेबांनी सांगितलं, भिंत झडता कामा नये. तुम्हाला बोलावलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, मामाने तमाशा केला असता आणि योजना तिथेच संपली असती. मी एका खोलीचा नाही, सगळ्या शहराचा विचार करत होतो. मला वाटलं, पावसाळ्यानंतर गुपचूप खरवडून घेऊ आणि परत चुन्याचा गिलावा करू. एकाच पावसाळ्याचा प्रश्न होता.

आणि एक लक्षात घे. मामाचं नाव घ्या असं मी कधीच लिहिलं नव्हतं. पत्रं तुझ्याकडे आहेत, बघ.

आता चौकशी उघडली तर माझी नोकरी जाईल, ते सोड, पण तुमचं कामही जाईल. कारण काम खरोखरच आलं आहे. प्रत्येक प्रभागात एक केंद्र. बांधकाम सिमेंटच्या ब्लॉकचं आणि प्रत्येकात दोन एसी, कारण मातीच्या भिंतीवर आता कोणी सही करणार नाही. पण दर्शनी भाग मातीसारखा दिसायला हवा, अशी वरची इच्छा आहे. लोकांना ते रूप फार आवडलं होतं. तो वरचा मातीचा लेप आणि रंग तुमच्या संस्थेने करायचा. पाटीवर संस्थेचं नाव राहील, 'चिखलाच्या हातांनी घडवलेलं' असं काहीतरी. सलग तीन वर्षांचं काम आहे. फक्त जुना विषय बंद झाला असं संस्थेने लिहून द्यावं.

सभेपुढे ठेव. तुमच्याकडे सगळं मतानेच ठरतं ना?

तुझा,
धाकटा

२ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं बरोबर आहे. नाव घ्या असं तू लिहिलं नव्हतंस. पत्रं माझ्याकडे आहेत, पुन्हा बघितली.

ढीग उकरला त्याच संध्याकाळी सभेने मामाला परत बोलवायचं ठरवलं, सगळ्यांच्या हातांनी. मी तुझ्या उत्तराची वाट बघत होते. नाव काढून घेतलंस की त्या कागदासकट त्याच्याकडे जाऊ, असं मनात होतं. तो कागद येणार नाही हे कळल्यावर करडा पापुद्रा पिशवीत घालून गेले.

तो आता सिमेंट ब्लॉकच्या कारखान्यात ब्लॉक उतरवायला जातो. जेवणाच्या सुट्टीत भिंतीच्या सावलीला बसला होता. मी पापुद्रा त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा केला, वास घेतला आणि म्हणाला, "माहीत होतं." वाटलं, आता सुरू होईल. मी भिंती बांधत होतो तेव्हा, वगैरे. मला ते ऐकायचं होतं, शपथ. त्याने पापुद्रा मांडीवर ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी म्हटलं, "मामा, चल. सगळ्यांनी हात वर केलेत."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"तू पण?"

"मी पण."

"या वेळेला खरा होता का हात?"

धाकट्या, ६ ऑगस्टच्या पत्रात मी तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. त्या दिवशी मी टाकी उपसायला नव्हते. दिवसभर कचेरीत बसून तुझ्या चौकशीचे कागद लावत होते. सभेची हाक आली तेव्हा मी मागच्या बाजूने गेले, टाकीतून उपसलेल्या गाळात मनगटापर्यंत हात बुडवला आणि येऊन पुढे बसले. त्या एका हाताने फरक पडला, तो हात माझा. मला वाटलं होतं, कोणी पाहिलं नाही.

मामा म्हणाला, "मी पिंपाआड पाय धूत होतो. तुला दिसलो नाही."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस? तेव्हाच सांगितलं असतंस तर माझं मत गेलं असतं. तू राहिला असतास."

तो म्हणाला, "मी राहिलो असतो आणि तुला काढलं असतं. खोटा हात वर केला म्हणून. मग संस्था कोणी चालवायची, सुताराने?"

ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो माणूस हे एवढं पोटात ठेवून सिमेंट उतरवतो आहे. मी त्याच्या पायाशी बसून रडले. त्याने पापुद्रा मला परत दिला आणि म्हणाला, "सुट्टी संपली, जा तू." तो येणार नाही. मी पुन्हा विचारणारही नाही, कारण कोणत्या तोंडाने विचारू?

काल तुझा प्रस्ताव सभेपुढे ठेवला. आधी मी माझ्या हाताचं सांगितलं. सगळे खाली बघत राहिले, कारण त्यांच्यातले अर्धे हात खरे असूनही वर मामाच्याच विरुद्ध गेले होते. मग तुझं पत्र वाचलं. तीन वर्षांचं काम म्हटल्यावर प्रेसवरची बाई पदराने तोंड पुसायला लागली. तिच्या घरी चार माणसं तिच्यावर आहेत, मी तिला काय म्हणून दोष देऊ? जुना विषय बंद करायचा म्हणजे मामाचं नाव तुमच्या फायलीत तसंच राहणार, हे मी दोनदा समजावून सांगितलं. सगळ्यांना पहिल्या सांगण्यातच समजलं होतं.

हात वर गेले, प्रस्ताव मंजूर झाला. तुला हवा तो कागद सोबत आहे. आता तुमच्या सिमेंटला आम्ही माती फासू आणि तुझ्या साहेबांच्या पाठी पांढऱ्याशुभ्र राहतील.

ट्रकातून आलेला तो ढीग अजून आवारात आहे. सिमेंट मिसळलेल्या मातीच्या विटा पडत नाहीत. ती ना आमची राहिली ना तुमची, आणि टाकायला जागा नाही.

गारखोलीतली ती म्हातारी परवा भेटली. विचारत होती, नवीन कधी होणार. मी म्हटलं, होईल लवकर. तिने माझा हात धरला आणि गालाला लावून बघितला. सवयीने असेल.

काल मी मत दिलं नाही. माझा हात स्वच्छ होता आणि मी तो मांडीवर ठेवला होता. अध्यक्षपद सोडलंय, उद्यापासून प्रेसवर माती मळायला जाणार. आता माझ्या हाताला कागद धरवणार नाही, तेव्हा हे शेवटचं. फोनही करू नकोस. मी कामात असेन.

ताई